दस्तऐवज आणि प्रकरण : कृतिप्रवण गद्याच्या निकषांचा विचार

१

मराठी समीक्षेने वैचारिक गद्याची दखल घेतलीच नाही, असे म्हणता येणार नाही. गं. बा. सरदारांच्या ‘अर्वाचीन मराठी गद्याची पूर्वपीठिका’ (१९३७) या ग्रंथापासून या गद्याच्या जडणघडणीचा विचार होत आला आहे. परंतु हा विचार बहुतांशी एक तर प्रबोधनाच्या इतिहासाची साधनसामग्री म्हणून झाला, नाही तर शैलीचे नमुने म्हणून. वाचकाला काही करावयास लावणे हेच ज्या लेखनाचे घोषित प्रयोजन आहे, त्या लेखनाचे मूल्यमापन वाङ्मय म्हणून कोणत्या निकषांवर करावयाचे, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) नंतर स्थिरावलेल्या स्वायत्ततावादी भूमिकेला तो प्रश्न वाङ्मयबाह्य वाटला. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) लौकिकतावादी भूमिकेला सैद्धांतिक प्रतिष्ठा दिली, तरी तिचे उपयोजन ललित साहित्याच्या परिघातच राहिले. दुसऱ्या बाजूला, बांधिलकीचा आग्रह धरणाऱ्या समीक्षेने लेखकाचा पक्ष कोणता हे तपासले. त्याने आपले प्रकरण कसे रचले आहे, हे क्वचितच तपासले. एका पक्षाने ज्याला ‘प्रचारकी’ म्हणून नाकारले, त्याला दुसऱ्या पक्षाने ‘पुरोगामी’ म्हणून स्वीकारले. संहिता दोघांनीही जवळून वाचली नाही.

या उपेक्षेमुळे एक सुलभ समजूत विनाचिकित्सा रूढ झाली आहे. भाषा सोपी असावी, वाक्ये लहान असावीत, प्रकरण आटोपशीर असावे, शेवटी वाचकाला आवाहन करावे, म्हणजे लेखन परिणामकारक होते, अशी ती समजूत. प्रौढशिक्षणाच्या पुस्तिकांपासून शासकीय प्रसारसाहित्यापर्यंत सर्वत्र ती प्रमाण मानली जाते. असे सुबोध साहित्य विपुल निघते आणि बहुधा कोणालाही हलवीत नाही, ही वस्तुस्थिती पाहता या समजुतीत काही मूलभूत उणीव असली पाहिजे.

प्रस्तुत लेखात या उणिवेचा शोध एका मर्यादित भूप्रदेशाच्या आधारे घ्यावयाचा आहे. तो भूप्रदेश म्हणजे नगर जिल्हा, पूर्वीचा अहमदनगर आणि आजचा अहिल्यानगर. कमी पावसाच्या या जिल्ह्यात गेल्या दीडशे वर्षांत शेतकरी आणि लिखित शब्द यांचे नाते तीन वेळा ठळकपणे बदलले. त्या बदलांच्या प्रकाशात पाहिले असता कृतिप्रवण गद्याचे निकष अधिक स्पष्ट होतात, असे मला वाटते.

२

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध उठाव झाला आणि तो लवकरच नगर जिल्ह्यातील श्रीगोंदे, पारनेर या भागांत पसरला. इतिहासात ‘दक्खनचे दंगे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या घटनेचे एक वैशिष्ट्य इतिहासकारांनी वारंवार नोंदविले आहे. शेतकऱ्यांचा रोख सावकाराच्या जिवावर फारसा नव्हता. तो त्याच्या कागदांवर होता. कर्जरोखे, खाती, हुकूमनामे ताब्यात घ्यावयाचे आणि जाळावयाचे, हा या उठावाचा गाभा होता.

अर्थशास्त्राने या घटनेचा अर्थ कर्जबाजारीपणा, शेतसाऱ्याची वाढ आणि अमेरिकन यादवी युद्धानंतर कोसळलेले कापसाचे भाव यांच्या साहाय्याने लावला आहे. तो योग्यच आहे. पण साहित्याच्या अभ्यासकाला या घटनेत आणखी एक गोष्ट दिसावी. खेड्यातील कुणब्याच्या आयुष्यात मराठी गद्य प्रथम आले ते निबंध वा कादंबरी म्हणून नव्हे. ते रोखा, कबुलायत आणि कुलकर्ण्याचे दप्तर म्हणून आले. जे. एल. ऑस्टिन यांनी भाषिक कृतीचा जो सिद्धांत मांडला (त्यांची व्याख्याने १९६२ मध्ये ग्रंथरूपाने आली), त्याच्या परिभाषेत बोलायचे तर रोखा हे वर्णन नव्हे, ती कृती आहे. त्यातील वाक्य सत्य की असत्य, हा प्रश्न गौण असतो. त्याखाली निशाणी उमटली की माणूस बांधला जातो. शेतकऱ्याची निशाणी नांगराची असे. ज्या मजकुराखाली ती उमटे, तो मजकूर त्याला वाचता येत नसे.

म्हणजे ज्या वाचकाला हलवावयाचे, तो वाचक गद्याच्या सामर्थ्याविषयी अनभिज्ञ नव्हता. ते सामर्थ्य त्याने अंगावर झेलले होते आणि म्हणूनच ते जाळले होते. १८७९ च्या दक्खन शेतकरी साहाय्य कायद्याने यावर जो उपाय केला, तोही दस्तऐवजाचाच होता. शेतकऱ्याचे रोखे ग्रामनिबंधकासमोर नोंदले जावेत, सावकाराने पावती द्यावी, हिशेब द्यावा. एका कागदावरचा उतारा दुसऱ्या कागदात शोधला गेला. पण तो दुसरा कागदही शेतकऱ्याला दुसऱ्याकडूनच वाचून घ्यावा लागणार होता. कृतिप्रवण गद्याच्या लेखकापुढील पहिली अडचण ही होती. ती सोपेपणाची नव्हती, विश्वासाची होती.

३

या घटनेनंतर आठ वर्षांनी, १८८३ मध्ये, जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण केला. हा ग्रंथ नगरचा नव्हे. परंतु ज्या दुष्काळी दक्खनचे चित्र त्यात आहे, तिच्यात नगर जिल्ह्याचा समावेश होतो, आणि पुढे याच जिल्ह्यात सत्यशोधकी गद्याचे एक महत्त्वाचे केंद्र उभे राहिले. त्यामुळे ‘असुडा’ची रचना समजून घेतल्याखेरीज पुढे जाता येत नाही.

‘असुडा’त उपोद्घात आणि पाच प्रकरणे आहेत. रूढ समजुतीच्या कसोटीवर हा ग्रंथ टिकणार नाही. फुल्यांची वाक्ये लहान नाहीत. धातुसाधितांच्या साखळीतून एकेक वाक्य कित्येक ओळी चालते. त्यात वस्तूंच्या, विधींच्या, खर्चांच्या याद्या येतात आणि क्रियापद दूरवर थांबलेले असते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त फुल्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची जी टर उडविली, तिचे एक कारण या वाक्यरचनेत असावे. पण चिपळूणकरांचे स्वतःचे वाक्यही दीर्घच आहे. फरक लांबीचा नाही. चिपळूणकरांचे वाक्य इंग्रजी गद्याच्या संस्कारातून आलेले आणि वाचणाऱ्या डोळ्यासाठी बांधलेले आहे. फुल्यांचे वाक्य ऐकणाऱ्या कानासाठी आहे. मोठ्याने वाचले असता त्यातील प्रत्येक पद एकेका रकमेसारखे पडत जाते आणि शेवटचे क्रियापद बेरजेसारखे येते. आपण हा ग्रंथ कोठे कोठे वाचून दाखविला, हे फुल्यांनी स्वतःच नोंदविले आहे. पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशी ती यादी आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीही तो ऐकला. ‘दीनबंधू’मध्ये पहिली दोन प्रकरणे प्रसिद्ध झाल्यावर छपाई थांबली आणि संपूर्ण ग्रंथ फुल्यांच्या हयातीत पुस्तकरूपाने निघाला नाही. जे पुस्तक छापले गेले नाही ते ऐकले गेले, ही बाब केवळ चरित्रात्मक तपशील नव्हे. तिचा ग्रंथाच्या रचनेशी संबंध आहे.

पहिल्या प्रकरणाची मांडणी या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. धर्माच्या नावाखाली शेतकरी कसा नागविला जातो, हा त्याचा विषय. हा विषय तत्त्वचर्चेच्या क्रमाने मांडता आला असता. फुल्यांनी तो शेतकऱ्याच्या आयुष्याच्या क्रमाने मांडला. जन्माच्याही आधीच्या विधीपासून प्रारंभ करून जन्म, पत्रिका, लग्न, घरबांधणी, मृत्यू, श्राद्ध असा तो क्रम जातो. त्याला वर्षाच्या सणावारांचा दुसरा क्रम छेदतो. प्रत्येक टप्प्यावर काय द्यावे लागते, त्याची नोंद होते. श्रोत्याला युक्तिवाद समजून घ्यावा लागत नाही. पुढची नोंद कोणती येणार, हे त्याला आधीच ठाऊक असते. माझ्या मते या प्रकरणाचे रूप निबंधाचे नसून खतावणीचे आहे. सावकाराच्या खात्यात शेतकरी नेहमी देणेकरी असे. येथे प्रथमच त्याच्या बाजूने खाते उघडले गेले, आणि त्यातील प्रत्येक रक्कम त्याला स्वतःच्या आठवणीशी ताडून पाहता येत होती. विश्वासाचा जो प्रश्न आपण वर पाहिला, त्याचे उत्तर फुल्यांनी शैलीत दिले नाही, रचनेत दिले. तपासता येईल असा मजकूर त्यांनी श्रोत्यापुढे ठेवला.

चौथ्या प्रकरणात हीच पद्धती दृश्याचे रूप घेते. साहेबाच्या छावणीपाशी दाद न लागलेला शेतकरी स्वतःशीच बोलू लागतो. त्याचे घर, घरातील माणसे, भांडी, अंथरूण-पांघरूण यांचे वर्णन येते. येथे करुणरसाचा परिपोष करण्याची संधी होती. फुले मात्र मोजदाद करीत राहतात. आणि पाचव्या प्रकरणात ते उपायांकडे वळतात. पाण्याबरोबर वाहून जाणारे खत-माती शेतात राहावे म्हणून ताली व बंधारे घालावेत आणि त्या कामी फौज-पोलिसातील माणसे लावावीत, तलाव-धरणे बांधावीत, पाणाड्यांकडून जमिनीतील पाण्याचा शोध घ्यावा, चांगल्या बेण्याची जनावरे आणावीत, शेतमालाची प्रदर्शने भरवावीत, नांगर हाकण्याची परीक्षा घेऊन बक्षिसे द्यावीत, शेतकऱ्यांच्या मुलांना शिक्षण द्यावे. प्रत्येक उपायाला कर्ता आहे, जागा आहे आणि साधन आहे.

तथापि, ग्रंथाच्या रचनेतील एक दोष येथेच दाखविणे आवश्यक आहे. पाचव्या प्रकरणातील बहुतेक ठोस उपायांचा कर्ता सरकार आहे. शेतकऱ्याच्या वाट्याला मुख्यतः उपदेश येतो. पहिल्या प्रकरणात जो श्रोता स्वतःचा हिशेब तपासणारा साक्षीदार होता, तो शेवटी अर्जदार होतो. तिसऱ्या प्रकरणातील आर्यांच्या मूळस्थानाची चर्चाही श्रोत्याच्या अनुभवाच्या कक्षेबाहेर जाते. तेथे त्याला लेखकावर विश्वास ठेवावा लागतो, ताडून पाहता येत नाही. ‘असुडा’चे बळ आणि त्याची मर्यादा या दोहोंचा उलगडा एकाच निकषाने होतो. जेथे वाचक मजकुराची तपासणी करू शकतो तेथे प्रकरण हलविते. जेथे तो करू शकत नाही तेथे ते केवळ सांगते.

४

नेवासे तालुक्यातील तरवडी हे खेडे मराठी वृत्तपत्रसृष्टीच्या इतिहासात ‘दीनमित्र’मुळे ओळखले जाते. मुकुंदराव पाटील (१८८५–१९६७) यांनी १९१० मध्ये सोमठाणे येथून हे साप्ताहिक सुरू केले आणि पुढे तरवडीहून दीर्घकाळ चालविले. खेड्यातून निघणारे, खेड्यातील वाचकासाठी असलेले हे पत्र सत्यशोधकी विचाराचे मुखपत्र होते. मुकुंदरावांचे ‘कुलकर्णी लीलामृत’ (१९१३) हे येथे विचारात घ्यावयाचे पुस्तक. ते ओवीबद्ध आहे, गद्य नाही. तरीही कृतिप्रवण प्रकरणाच्या चर्चेत त्याला स्थान आहे, कारण त्याने एका जुन्या घटकाचा नवा उपयोग केला. तो घटक म्हणजे अध्याय.

मराठी श्रोत्याच्या परंपरेत अध्याय म्हणजे ग्रंथाचा केवळ विभाग नव्हे. ती एक बैठक असते. पोथी लावली जाते, एक अध्याय वाचला जातो, थांबले जाते. अध्यायाची लांबी श्रोत्यांच्या सवडीने आणि दिव्यातील तेलाने ठरते. शके १२१२ मध्ये ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच तालुक्यातील लेखकाला ही गोष्ट सिद्धांत म्हणून शिकण्याची गरज नव्हती. शिवाय ज्या ग्रंथावर ज्ञानेश्वरी आधारलेली आहे, तो स्वतःच एका श्रोत्याला कृतीकडे वळविणारा संवाद आहे. अर्जुनाच्या शंकांनी त्यातील अध्याय पुढे सरकतात, आणि शेवटचा निर्णय त्याच्यावर सोपविलेला असतो. आपल्याकडे कृतिप्रवण रचनेचा नमुना हवाच असेल, तर तो परदेशी वक्तृत्वशास्त्रात शोधण्याआधी येथे पाहावयास हरकत नाही.

मुकुंदरावांनी लीलामृताचे हे भक्तिपर रूप उचलले आणि त्यात दैवताच्या जागी गावचा कुलकर्णी बसविला. परिणाम विडंबनाचा होतो, पण तेवढाच नाही. कुलकर्ण्याच्या लीला म्हणजे दप्तरातल्या लीला. नोंद कशी फिरते, पावती कशी चुकते, निशाणी कोणत्या मजकुराखाली घेतली जाते, हे त्यात उघड होते. १८७५ मध्ये जो दस्तऐवज जाळला गेला, तोच येथे उलगडून, मोठ्याने वाचून दाखविला गेला. दस्तऐवज जाळणे ही एका दिवसाची कृती आहे. तो कसा बनतो हे ठाऊक असणे ही टिकणारी कृती आहे. कुलकर्णी वतन कोल्हापूर संस्थानात १९१८ मध्ये आणि मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने गेले. या घटनांचे श्रेय एका पुस्तकाला देणे अनैतिहासिक होईल. परंतु वतनाविरोधी जनमताला स्वतःची भाषा मिळण्यात अशा लेखनाचा वाटा होता, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

५

तिसरा बदल अलीकडचा आहे आणि तो पुस्तकांच्या रूढ व्याख्येत बसत नाही. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने जे ग्रामविकासाचे काम झाले, त्यातून एक पंचसूत्री रूढ झाली : चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान. १९९२ मध्ये सुरू झालेल्या शासनाच्या आदर्श गाव योजनेने हीच सूत्रे स्वीकारली. संक्षेपाच्या दृष्टीने याहून आटोपशीर मजकूर संभवत नाही. पाच सामासिक शब्द, प्रत्येकात एक कृती. सूत्रवाङ्मयाची सर्व लक्षणे येथे आहेत. पाठ होण्याची सोय आहे आणि संदिग्धता नाही.

पण याच ठिकाणी संक्षेपाची मर्यादाही उघड होते. पाचांपैकी चार शब्द ‘बंदी’ने संपतात. बंदी या शब्दात कर्ता लुप्त असतो. कोणी कोणाला बंदी केली, का केली, केव्हापर्यंत केली, हे सर्व समासाने गिळलेले असते. दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून फटके दिल्याचे राळेगणमधील प्रसंग सर्वश्रुत आहेत आणि स्वतः हजारे यांनी ते नाकारलेले नाहीत. या प्रयोगातील अधिकारशाहीची चिकित्सा मुकुल शर्मा यांच्यासारख्या अभ्यासकांनी केली आहे. या प्रसंगांचा दोष व्याकरणाला देणे हास्यास्पद ठरेल. मात्र जे गद्य कारण गाळून केवळ आज्ञा उरविते, ते स्पष्ट आणि संक्षिप्त असूनही वाचकाला कर्ता करीत नाही, आज्ञाधारक करते, हे या उदाहरणावरून लक्षात यावे. तो हलतो, पण त्याला हलविले जाते.

याच्या शेजारी नगर तालुक्यातील हिवरे बाजारचा ‘पाण्याचा ताळेबंद’ ठेवून पाहावा. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाल्यानंतर या गावाने पाणलोटाची कामे केली. तीच पंचसूत्री येथेही होती आणि सिंचनासाठी बोअर घेण्यावरही बंधन आले. मात्र त्यांच्या जोडीला एक वार्षिक मजकूर तयार होऊ लागला. गावातील पर्जन्यमापकांवर पडलेल्या पावसाची नोंद, त्यातून उपलब्ध होणाऱ्या पाण्याचा अंदाज, माणसांना आणि जनावरांना लागणारे पाणी, आणि उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यावयाची, याची ग्रामसभेतील चर्चा. पाऊस कमी झाला असेल तर जास्त पाण्याची पिके टाळावयाची, हा निष्कर्ष कोणी उपदेश म्हणून सांगत नाही. तो वजाबाकीतून निघतो. येथे कारण आणि कृती एकाच ओळीत आहेत, आणि आकडा चुकीचा वाटल्यास तो विचारण्याची जागा उपलब्ध आहे. दर वर्षी पाऊस बदलतो, म्हणून मजकूरही दर वर्षी नव्याने लिहावा लागतो. तो कायमचा उपदेश होऊन बसत नाही.

ज्या जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी १८७५ मध्ये दुसऱ्याने लिहिलेला हिशेब जाळला, त्याच जिल्ह्यातील एक गाव आज आपला हिशेब स्वतः लिहून सभेत वाचते. या दोन टोकांमधील अंतर पार करण्यात फुल्यांच्या खतावणीचा आणि मुकुंदरावांच्या पोथीचा प्रत्यक्ष वाटा किती, हे सिद्ध करता येणार नाही आणि तशी गरजही नाही. त्यांच्यातील संबंध रूपाचा आहे. तिन्ही ठिकाणी मजकूर ऐकविला जातो, त्याचा क्रम श्रोत्याच्या जगण्याच्या क्रमाशी जुळतो आणि तो तपासता येतो.

६

या विवेचनावरून कृतिप्रवण गद्याच्या प्रकरणाचे काही निकष सुचविता येतील.

पहिला निकष स्पष्टतेचा. स्पष्टता ही वाक्याच्या लांबीवर अवलंबून नाही. मजकुरातील विधान वाचकाला स्वतःच्या अनुभवाशी ताडून पाहता येणे म्हणजे स्पष्टता. फुल्यांचे दीर्घ वाक्य या अर्थाने स्पष्ट आहे. प्रसारपुस्तिकेचे चार शब्दांचे वाक्य अनेकदा नसते, कारण त्यात तपासण्यासारखे काही उरलेले नसते.

दुसरा निकष संक्षेपाचा. संक्षेप म्हणजे एका बैठकीत मावणारा आशय. काय गाळावे हे विषयावरून ठरत नाही. प्रकरण संपल्यावर श्रोत्याने जे करावयाचे, त्यावरून ठरते. मात्र कारण गाळण्याचा अधिकार संक्षेपाला नाही. कारण गाळले की प्रकरणाचे फर्मान होते.

तिसरा निकष कर्त्याचा. प्रकरणाच्या शेवटी सुचविलेल्या कृतीचा कर्ता वाचक असला पाहिजे आणि ती कृती त्याच्या हातातील असली पाहिजे. गद्यलेखकासाठी बोलणे हीच कृती आहे, असे सार्त्र यांनी साहित्याच्या स्वरूपाची चर्चा करताना प्रतिपादिले, आणि लेखन हे वाचकाच्या स्वातंत्र्याला केलेले आवाहन आहे, असेही म्हटले. या दोन विधानांतील दुसरे अधिक महत्त्वाचे आहे. स्वातंत्र्याला आवाहन करावयाचे तर नकाराची जागा मोकळी ठेवावी लागते. ताळेबंदात ती आहे, सूत्रात नाही.

यावर असा आक्षेप येईल की हे निकष उपयुक्ततेचे आहेत, वाङ्मयीन नाहीत. परंतु क्रम, संबोधन, लय, गाळणे आणि शेवट हे सर्व रचनेचेच प्रश्न आहेत, आणि ललित कृतीच्या संदर्भात आपण ते वाङ्मयीनच मानतो. कथेचा शेवट कलात्मक की कृत्रिम याची चर्चा करणाऱ्या समीक्षेला पाणीवाटपावरील प्रकरणाचा शेवट वर्ज्य का वाटावा, याचे समाधानकारक उत्तर तिने दिलेले नाही.

खेड्यात बँकेतून कर्ज काढण्याला ‘प्रकरण करणे’ म्हणतात. ग्रंथाचा विभाग आणि माणसाला बांधणारा कागद यांना एकच शब्द असावा, हा भाषेतील योगायोग असेल. पण जो वाचक पहिल्या अर्थाच्या प्रकरणाकडे दुसऱ्या अर्थाच्या धास्तीने पाहतो, तो अजूनही आपल्या गद्याचा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी विचारात घेतलेला वाचक आहे. त्याच्यासाठी लिहिल्या गेलेल्या मजकुराची चिकित्सा त्याच्या बाजूने करणे, हे मराठी समीक्षेचे अद्याप न उचललेले काम आहे.